मावशीला भिंतीएवढा मुलगा दाखवताना

"माझ्या हाताखालून गेलेला कॉम्प्युटर बंद पडूच शकत नाही!"

हे वाक्य मी नवापूरच्या सासुरवाडीत, सुरमईची दुसरी तुकडी ताटात पडल्यावर टाकलं. बोईसरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सासुरवाडीत मात्र कॉम्प्युटर मला घाबरतात, असा समज मी मोठ्या कष्टाने पसरवला आहे!

प्रसंग नाजूक होता. माझी मेहुणी शालू आणि जितेश यांचं एकमेकांवर मन जडलेलं. पण जितेश बोटीवर नोकरीला, आणि दातिवऱ्याच्या रत्नामावशीने मुलगा पाहून होकार दिल्याशिवाय या घरात लग्न होत नाही. अपवाद एकच, माझा! माझ्या बायकोने, रूपालीने, आणि मी कोर्टात लग्न केलं, म्हणून मावशीने आजवर माझ्याकडे धड पाहिलेलं नाही. मी समोर आलो की मान फिरवते!

मावशीला मोतीबिंदू, मोबाईलवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये काही दिसत नाही. मीच फुशारकीने म्हणालो, "कॉम्प्युटर टीव्हीला जोडू. मुलगा भिंतीएवढा दाखवतो!"

रविवारी दुपारी कॉम्प्युटर लावला. पडदा काळा ठिक्कर! सकाळी अपडेट करायची दुर्बुद्धी मलाच झाली होती. शालूचा चेहरा पडला.

"भावोजी, मावशी येतेच हाय!"

"बघत राहा!" मी पुन्हा सुरू केला. कॉम्प्युटर पुरता जागा व्हायच्या आधी क्षणभर एक यादी दिसते. तिथे ई दाबायचं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' असं लिहायचं. म्हणजे त्याला सांगायचं, बाबा रे, पडद्याशी जास्त हुशारी करू नकोस! लिहिलं, आणि पडदा उजळला. सासूबाईंनी माझी दृष्टच काढली!

आणि पाचच मिनिटांत पडदा पुन्हा काळा.

"प्लग कोणी काढला?" मी ओरडलो.

"मी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "देवाच्या दिव्यांच्या माळेला जागा नव्हती. देवाला अंधारात ठेवून पोरगा बघायचा काय? तुमचं लावा की परत!"

लावलं. काळं! कारण यादीत लिहिलेलं त्या एका खेपेपुरतंच असतं. बाजाराला निघालेल्या नवऱ्याला दारात दिलेल्या सूचनेसारखं. ते कायमचं नोंदवायचं मी दृष्ट काढून घेण्याच्या नादात विसरलो होतो!

पुन्हा सुरू केला. यादी आली, त्याच क्षणी सासूबाईंनी हातात पोह्यांची बशी कोंबली. यादी गेली! पुन्हा सुरू केला. यादी आली, रत्नामावशीही आली! मी उठून वाकलो, मावशीने मान फिरवली, यादी गेली!

शालू रडकुंडीला आली होती. "भावोजी, बोटीवरचं नेट जाईल हो! मावशी आज अशीच परत गेली तर दिवाळीपर्यंत यायची नाय!"

मला खरंच वाईट वाटलं. पोरीचं लग्न माझ्या बढाईत अडकलं होतं! मी यादी पकडली, शब्द लिहिला. पडदा उजळला! घाईघाईने व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा सुरू झाला, आणि शालूच्या फोनवर जितेशचा शेवटचा निरोप आला: नेट जातंय!

टीव्हीवर आता एकच चेहरा होता. भिंतीएवढा, घामाने निथळणारा, मिशीला पोहा चिकटलेला. माझा!

मी कॅमेरा बंद करायला हात उचलला, तोच मागून मावशीचा आवाज आला.

"हाच काय गो पोरगा?"

शालू माझ्या कानात कुजबुजली, "भावोजी, तुमच्या पाया पडते. हलू नका!"

मी हललो नाही.

"घाम लय येतो," मावशी पुढे वाकून म्हणाली. "पण गरीब हाय. बोलत का नाय?"

"आवाज येत नाय मावशी, बोटीवर हाय ना!" शालू म्हणाली.

"बरा हाय. न बोलणारा जावय चांगला. ठरवा!"

साखरपुड्याला मावशीने जितेशला अगदी जवळ बसवून घेतलं, गालांवरून हात फिरवला. "समुद्राची हवा मानवली गो पोराला! टीव्हीवर कवढा मरतुकडा दिसत होता!"

मी पेढा घेऊन पुढे झालो. मावशीने पेढा घेतला आणि मान फिरवली.