लिव्हरला हात लावायचा नाही

शनिवारी सकाळी शशिकांत ताम्हाण्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं आजोबांच्या रायफलीत अडकली आणि काही केल्या बाहेर निघेनात. अनुजाताई तेव्हा स्वयंपाकघरात बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. आतल्या खोलीतून "अगं, जरा येतेस का?" अशी हाक आली, तीही इतक्या गोड आवाजात, की नक्की काहीतरी महागाचं फुटलंय असं समजूनच त्या वालाच्या ताटासकट उठल्या.

"काय केलंत?"

"काही नाही गं. लिव्हर उघडून बघत होतो."

या जातीच्या रायफलीला दस्त्याजवळ खाली एक लोखंडी कडं असतं. त्यात बोटं घालून ते खाली ओढायचं, परत वर घ्यायचं, की नवं काडतूस नळीत बसतं. शशिकांतरावांचं कडं खालीही जात नव्हतं आणि बोटंही सोडत नव्हतं. त्यातल्या एका बोटात पोवळ्याची अंगठी होती आणि ओढाताणीत बोटं चांगली टरटरून सुजली होती.

"पण तुम्ही तर ही दर महिन्याला उघडता ना? दसऱ्याला विहीणबाईंना सांगत होतात की."

शशिकांतरावांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी बराच वेळ पाहिलं.

ताम्हाण्यांच्या घरात दसऱ्याला शस्त्रपूजा असते. आजोबांनी जमीनजुमल्याच्या दिवसांत पॉइंट टू टूच्या दोन रायफली घेतल्या होत्या, दोन मुलांसाठी दोन. त्यांतली एक आता दादरला शशिकांतरावांकडे, दुसरी गिरगावात चुलतभाऊ अजितकडे. दोघांचे परवाने चोख, दोघांची कपाटं कुलूपबंद. रायफल चालवण्याची वेळ दोघांवर कधी आली नाही, बोलण्याची मात्र रोज यायची. परदेशी लोकांचे तास-तासभराचे व्हिडिओ पाहून शशिकांतराव लिव्हरवाल्या रायफलींमधले अधिकारी पुरुष झाले होते. कुठलं पोलाद ओतीव, कुठलं कोरीव, कुणाचा दस्ता काही वर्षांत सैल होतो, हे ते बिरडं वाढतावाढता सांगत.

"माझी अख्खी पोलादाची. तुझा तो मिश्रधातू म्हणजे कुकरचं झाकण," असं ते फॅमिली ग्रुपवर लिहीत.

"तुझी उचलायला हमाल लागेल," असं अजित उत्तर देई. "आमची लिव्हर लोण्यासारखी चालते, लोण्यासारखी!"

दोन्ही घरांत नियम मात्र एकच होता. पूजा करायची, हळदकुंकू, अक्षता वाहायच्या, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, पण लिव्हरला हात लावायचा नाही. शशिकांतरावांचे वडील पाटावर बसता बसता दरवर्षी हे बजावत. का, ते कुणी विचारलं नाही. कुळाचाराला कारण कोण विचारतं?

यंदा घोटाळा झाला तो इरावतीताईंमुळे. शशिकांतरावांची लेक मधुरा परळच्या स्वप्नीलला दिलेली, लग्न डिसेंबरात. इरावतीताई या स्वप्नीलच्या आई. बँकेतून निवृत्त झालेल्या, पण तरुणपणी राज्य पातळीवर नेमबाजी केलेल्या, आणि अजूनही रेंजवर पंच म्हणून जाणाऱ्या. दसऱ्याला सोनं द्यायला त्या आल्या आणि पूजेतल्या रायफलीपुढे थबकल्या. इतकी वर्षं असा श्रोता शशिकांतरावांना मिळालाच नव्हता.

"कडं लहान आहे हो," इरावतीताई म्हणाल्या. "जाड बोटांचं काम नाही."

"मोठं कडं सिनेमावाल्यांना, ताई. खऱ्या नेमबाजाला लहानच बरं."

"उघडता ना अधूनमधून?"

"दर महिन्याला! पूर्ण खोलून, तेलपाणी करून."

"मग येत्या रविवारी रेंजवर घेऊन या. आमच्याकडे जुन्या लिव्हरवाल्या आहेत, शेजारी ठेवून बघू कुणाची किती झिजलीय ती. मी सगळ्यांना सांगते, माझे व्याही येतायत म्हणून."

शशिकांतरावांना इतका चेव चढला, की त्यांनी तिथल्या तिथे अजितलाही ग्रुपवर आव्हान देऊन टाकलं. 'रविवारी रेंजवर ये. होऊनच जाऊ दे.' अजितने अंगठा पाठवला. मधुराने मात्र रात्रीच्या जेवणाआधीच बाबांना बाजूला घेतलं.

"बाबा, खरंच उघडता ना? माझं हसं नको हं तिकडे. मला जन्म काढायचाय त्या घरात."

"बापावर विश्वास नाही होय?" बाप म्हणाला. आणि आता तोच बाप पलंगावर मांडीत रायफल घेऊन बसला होता.

साबण लावून झाला, बर्फ लावून झाला. तेलाने तर रायफलच हातातून निसटायला लागली, बोटं तेवढी जागची हलली नाहीत.

"फायर ब्रिगेडवाले अंगठी कापून देतात म्हणे," अनुजाताई म्हणाल्या.

"आणि मी तिथवर जाऊ कसा? हातात रायफल घेऊन शिवाजी पार्कातनं?"

"मग त्यांना बोलवू."

"बोलव. बंब येऊ दे खाली, अख्खी सोसायटी येऊ दे जिन्यात!"

तेवढ्यात बेल वाजली आणि अनुजाताईंनी कपाळावर हात मारला. शालू बघायला हिंदमाताला जायचं आजच ठरलं होतं, आणि सकाळीच बाहेर पडलेल्या मधुराला वाटेत घेऊन विहीणबाई इथेच येणार होत्या. शशिकांतरावांनी डाव्या हाताने शाल ओढली आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटून घेतली. ऑक्टोबरचा उकाडा मी म्हणत होता.

"बरं नाही का?" इरावतीताईंनी आत येत विचारलं.

"जरा कणकण आहे. तुम्ही व्हा ना पुढे, उशीर नको," शशिकांतराव म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि शालीचं एक टोक विहीणबाईंकडे ताठ उभं राहिलं होतं.

इरावतीताईंनी त्या टोकाकडे पाहिलं आणि शांतपणे एक पाऊल बाजूला सरकल्या.

"शशिकांतराव, नळी माझ्याकडे आहे. भिंतीकडे करा बघू."

"रिकामी आहे हो ती!"

"असेल. तरी भिंतीकडे करा."

शाल गळून पडली. मधुराने बाबांच्या हाताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे पाहत राहिली. शशिकांतरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बोटांपेक्षा तिची ती खाली गेलेली मान त्यांना जास्त दुखली.

इरावतीताईंनी शिवणाचा दोरा मागितला. बोटावर अंगठीपर्यंत दोरा घट्ट गुंडाळायचा, टोक अंगठीखालून काढायचं आणि उलगडत न्यायचं, असं करत आधी अंगठी सुटली आणि मग एकेक बोट.

"दर महिन्याला, बाबा?" शेवटी मधुराने विचारलं.

"एकदाही नाही," शशिकांतराव म्हणाले. "जन्मात एकदाही नाही. मला उघडता येते का, हेही माहीत नव्हतं."

इरावतीताईंनी शिलाई मशीनचं तेल फटीत सोडलं, नळी भिंतीकडे ठेवून थोडं थांबल्या आणि कडं नेटाने खाली ओढलं. करकर आवाज करत ते उघडलं. आधी अक्षता सांडल्या. मग हळदकुंकवाचा वाळून विटकरीसारखा झालेला गोळा, झेंडूच्या पाकळ्या, आपट्याच्या पानाचा तुकडा. आणि या सगळ्या नैवेद्यामागून नखाएवढं जाड, हिरवं पडलेलं एक काडतूस टुणकन उडालं आणि वालाच्या ताटात जाऊन पडलं.

"अगो बाय माझे!" इरावतीताईंचं परळ एकदम बाहेर आलं. "अहो, ही भरलेली होती!"

अनुजाताईंनी ताट पायाने दूर सारलं. "आम्ही हिच्यासमोर रांगेत उभे राहून आरती करतो. दरवर्षी! मधुरा पाळण्यात होती तेव्हा पाळणा समोर ठेवला होता."

"इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा करायला मी हिला टॅक्सीतनं मांडीवर घेऊन गेलो होतो," शशिकांतराव पुटपुटले. वडिलांचं पाटावरचं बजावणं त्यांना आत्ता कुठे समजलं. तो कुळाचार नव्हता. बहुधा आजोबांनी भरलेली, वडिलांना न उघडता आलेली, आणि आपल्यासारखीच त्यांनाही सांगायची लाज वाटलेली.

"तुमच्या भक्तीनेच वाचलात," इरावतीताई नळी डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या. "कुंकवाने घोड्याची वाटच बंद केलेली, काडतुसावर पडणार कसा? बाकी पोलाद एक नंबर. अजून शंभर वर्षं टिकेल. मालकाचं मला काही सांगता येत नाही."

मधुरा केरसुणीने अक्षता गोळा करत होती. ती मध्येच थांबली.

"बाबा, अजितकाकांकडेही तोच नियम आहे ना?"

अजितला सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत ग्रुपवर, आणि रविवारी रेंजवर. पण मधुरा बघत होती, आणि या वेळी तिने मान खाली घातली नव्हती. त्यांनी फोन लावला. फोन अजितच्या बायकोने, दुर्गाने उचलला.

"भावजी, त्यांचा हात मोकळा नाहीये. थांबा, स्पीकरवर टाकते."

"अजित, तुझी लिव्हर उघडते का रे?"

"म्हणजे काय? लोण्यासारखी! का, तुझी अडकली?"

"अडकली," शशिकांतराव म्हणाले. "मी कधी उघडलीच नव्हती. इतकी वर्षं थापा मारल्या. आज विहीणबाईंनी उघडली. आत काडतूस होतं, आजोबांचं. तुझ्यातही असेल. हात लावू नकोस, एवढंच सांगायला फोन केला."

पलीकडून दुर्गाचं कुजबुजणं ऐकू आलं, आणि भांड्यातला बर्फ हलल्याचा आवाज.

"शशी," अजित अगदी बारीक आवाजात म्हणाला, "विहीणबाई अजून आहेत का रे तिथे?"

"आहेत. का?"

"त्यांना विचार, हिंदमाता नंतर नाही का चालणार? आणि दुर्गे, तू आधी समोरून उठ बघू."