ऐंशी टक्के लोक फिरतात

'रोज व्यायाम करता का?' या प्रश्नापुढे प्राध्यापकांनी ठसठशीत 'होय' लिहिलं आणि बायकोनं कपाळावर हात मारला.

"अहो, खुर्चीतून उठताना तुमच्या तोंडून 'आई गं' निघतं!"

"विचार तर रोज करतो ना? मग झालं."

प्रश्नावली त्यांचीच, अहवालही त्यांचाच. विषय भारदस्त: माणूस जितका शिकलेला, तितक्या त्याच्या सवयी चांगल्या. वसाहतीतले डॉक्टर, वकील, इंजिनियर, सगळ्यांनी 'पहाटे फिरायला जातो' असं छातीठोकपणे लिहून दिलं होतं. घरकामाच्या मावशी चौथी शिकलेल्या, म्हणून त्यांचा फॉर्म प्राध्यापकांनीच भरला.

"मावशी, व्यायाम?"

"मला मेलीला कुठली सवड!"

लिहिलं, 'नाही'. सिद्धांत कसा चोख बसला!

घोळ झाला तो कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांमुळे. अहवाल वाचून त्यांचा फोन आला. "ऐंशी टक्के लोक पहाटे फिरतात? वा! उद्या साडेपाचला येतो. डोळे भरून बघतो, मगच सही करतो."

त्या सहीवर प्राध्यापकांची बढती अडकली होती. बिचारे संध्याकाळभर दारोदार विनवत हिंडले. वकील म्हणाले, "फिरतो असं लिहिलंय. कधी, ते कुठे लिहिलंय?" इंजिनियरांचा गुडघा नेमका तेव्हाच दुखायला लागला. डॉक्टरांनी तर दारातूनच सल्ला दिला, "माणसानं झोप पुरी घ्यावी हो."

पहाटे रस्त्यावर अध्यक्ष आणि प्राध्यापक, दोघंच. तिसरं एक कुत्रं, तेही झोपलेलं. अध्यक्षांनी तीनदा घड्याळ पाहिलं. प्राध्यापकांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात वळणावरून कुणीतरी झपाझप येताना दिसलं. मावशी!

"अगं बाई, साहेब? इतक्या पहाटे? घरी कुणी आजारी आहे का?"

"या आमच्या घरकामाच्या मावशी," प्राध्यापकांनी ओळख करून दिली.

"आपण कुठून येता?" अध्यक्षांनी विचारलं.

"पुलापलीकडून. जाऊन-येऊन आठ किलोमीटर."

"चालत? मग अहवालात घरकामाच्या मावशींपुढे व्यायाम 'नाही' कसं?"

"तो कसला व्यायाम! ते कामाला येणं."

अध्यक्ष पोट धरधरून हसले. "प्राध्यापक, अहवाल नव्यानं लिहा, मग सही. आणि आता लोकांना विचारू नका, रस्त्यावर उभे राहा."

मावशींच्या पावलाशी पाऊल जुळवत घरी पोचेपर्यंत प्राध्यापकांना धाप लागली. दार उघडणाऱ्या बायकोला मावशी समजुतीनं म्हणाल्या, "बाई, उद्यापासून साहेबांना पुलापर्यंत पाठवत जा, मी घेऊन येईन. शिकलेले आहेत, जमेल हळूहळू."