स्रोत क्र. ४१८७ ची बहुमताने ओळख

रकाना १ : अर्जदार

डॉ. आनेग्रेट फोगलमायर, वय एकोणचाळीस. म्युनिकजवळच्या एका खगोलसंस्थेत सहा वर्षं तात्पुरत्या नोकरीत. तात्पुरतं राहण्याची कायदेशीर मुदत सप्टेंबरअखेर संपते.

रकाना २ : विषय

आकाशातला क्ष-किरण स्रोत क्र. ४१८७. तिथून क्ष-किरण येतात. कोण पाठवतं, ठाऊक नाही. साध्या दुर्बिणीतून त्या जागी काळोख दिसतो, आणि तोही शेजारच्या काळोखासारखाच. सहा वर्षांत त्याच्या क्ष-किरणांचे अवघे सतरा प्रकाशकण हाती लागले होते. आनेग्रेट त्या सतरांना जवळजवळ नावानिशी ओळखत असे.

रकाना ३ : मागणी

अंतराळातल्या दुर्बिणीनं चाळीस हजार सेकंद तिकडे पाहावं. म्हणजे अकरा तास. जाण्याआधी एकदा त्याला नीट पाहायचं, एवढंच तिला हवं होतं.

रकाने ४ ते ६

लागू नाहीत. तरी भरावेत.

रकाना ७ : स्रोताचे स्वरूप (अनिवार्य)

आनेग्रेटनं लिहिलं, ‘माहीत नाही. म्हणूनच अर्ज.’

अर्ज परत आला. ती वेळवाटप कक्षात गेली. तिथं त्स्विकनागलबाई पेन्सिलींना टोक काढत होत्या.

“बाई, माहीत असतं तर मी अर्ज कशाला केला असता?”

“डॉक्टरबाई, काय बघायचंय हेच तुम्हाला माहीत नाही. मग ते दिसलं, हे तुम्हाला कळणार कसं?”

आनेग्रेट जिना चढून आपल्या खोलीत आली आणि तिनं रकाना पुन्हा भरला.

रकाना ७ (दुसऱ्यांदा)

‘बहुधा न्यूट्रॉन तारा.’

शेरा : ‘बहुधा’ या प्रकारची वस्तू आकाशात आढळत नाही. परत.

रकाना ७ (तिसऱ्यांदा)

‘न्यूट्रॉन तारा.’

शेरा : स्वरूप ज्ञात असल्याने निरीक्षणाची गरज दिसून येत नाही. अभिनंदन.

रकाना ८ : अपील

“तू सगळं मनाला फार लावून घेतेस,” संचालक प्रोफेसर श्टाइनगासर म्हणाले. “समितीपुढे ठेवू. शेवटी लोकशाही आहे.”

समिती गुरुवारी अकराला बसली. कोपऱ्यात पांढरी सॉसेजेस गरम पाण्यात पडली होती. ती बाराची चर्चची घंटा व्हायच्या आत पोटात गेली पाहिजेत, हा बव्हेरियातला नियम भौतिकशास्त्राच्या नियमांपेक्षा जुना आहे. त्यामुळे या संस्थेत विश्वाचा कोणताही प्रश्न अकरा चाळीसच्या पुढे गेलेला नव्हता. विश्वाचं वय तर अकरा पंचवीसलाच ठरलं होतं.

“दीर्घिका आहे,” दीर्घिकांवर काम करणारे चौघं म्हणाले.

“न्यूट्रॉन तारा,” न्यूट्रॉन ताऱ्यांवर जगणारे चौघं म्हणाले.

“मला तिथं काही दिसत नाही,” दृश्य प्रकाशवाला कोर्बिनियान म्हणाला. “सबब तिथं काही नाही.”

“कोर्बी, तुला तुझा चष्माही दिसत नाहीये,” आनेग्रेट म्हणाली. “कपाळावर आहे.”

“अकरा अडतीस!” प्रोफेसरसाहेबांनी पातेल्याकडे बघत जाहीर केलं.

दोन मिनिटांत तोडगा निघाला. संस्थेच्या स्रोतयादीची एक आवृत्ती पाच वर्षं चालते. पहिली अडीच वर्षं ४१८७ ही दीर्घिका राहील, नंतरची अडीच वर्षं तो न्यूट्रॉन तारा होईल. ठराव बहुमतानं मंजूर झाला. कोर्बिनियाननं विरोध नोंदवला, पण तोवर गोड मोहरीची चटणी फिरू लागली होती.

रकाना ९ : मंजुरी

स्वरूप एकदाचं ठरल्यामुळे, तेही दोनदा, अर्ज पूर्ण झाला. निर्णयाच्या खातरजमेसाठी चाळीस हजार सेकंद मंजूर. अट : निष्कर्ष निर्णयाशी विसंगत आढळल्यास निरीक्षण झालेच नाही असे समजण्यात येईल.

आनेग्रेटनं सही केली. अकरा तासांच्या बदल्यात तिनं कशावरही केली असती.

दुर्बीण वळली. दोन हजार तीनशे कण आले. ४१८७ एकदा भडकला, शांत झाला, लगेच पुन्हा भडकला, मग खूप वेळ थांबून तिसऱ्यांदा, आणि गप्प. दीर्घिकेला इतकी घाई नसते. न्यूट्रॉन तारा इतका बेशिस्त नसतो. आनेग्रेट खोलीत एकटीच मोठ्यानं हसली.

रकाना १० : निष्कर्ष

‘माहीत नाही.’

त्स्विकनागलबाई कागद घेऊन स्वतः वर आल्या. “म्हणजे सहा वर्षांपूर्वी होतात तिथंच आलात.”

“छे हो. तेव्हा नुसतंच माहीत नव्हतं. आता नीट बघून माहीत नाही.”

बाईंनी आलेख हातात घेतला. बराच वेळ खाली ठेवला नाही.

“हे तिसऱ्यांदा भडकायला एवढं का थांबलं?”

सहा वर्षांत ४१८७बद्दल असं काही तिला कुणी विचारलं नव्हतं. “तेच तर!” ती म्हणाली.

बाईंनी खुर्ची ओढली. दोघी साडेपाचपर्यंत बसल्या. बाईंनी दोन शंका काढल्या, त्यातली एक आनेग्रेटलाही सुचली नव्हती. मग बाई उठल्या, ‘निरीक्षण झालेच नाही’ असा शिक्का मारला, आणि बस गाठायला गेल्या.

एक ऑक्टोबरपासून आनेग्रेट संस्थेत नाही. यादीत ४१८७ दीर्घिका आहे.

रकाना ११ : फक्त वाचकांसाठी

त्स्विकनागलबाईंचं स्वरूप तुम्ही त्यांच्या पहिल्याच वाक्यावर ठरवलं होतंत. खुर्ची ओढली तेव्हा ते बदललंत. शिक्का मारला तेव्हा पुन्हा पहिल्यावर आलात. तीन निर्णय, तेही समितीची बैठक न बोलावता. आता शेवटचं सांगा, बाई कोण आहेत?

खूण एकाच चौकोनात करावी.