फलाटाला लागलेलं इंग्लंड

आमच्या शेजारचे भाऊकाका जोगळेकर यांच्या घरी पाहुण्याने "बरंय, निघतो आता" म्हणणं धोक्याचं आहे. इतर घरांत या वाक्यानंतरच खऱ्या गप्पा सुरू होतात, एक पाय चपलेत आणि एक पाय उंबऱ्यात ठेवून. भाऊकाका मात्र हे ऐकताच घड्याळ बघतात, दार सताड उघडतात आणि पाहुण्याची छत्री त्याच्या हातात देतात. "सुटायचं तर सुटा, नाहीतर आत येऊन बसा. मध्ये फलाट अडवू नका." माझ्या सख्ख्या मावशीला त्यांनी असं अर्ध्या वाक्यात रवाना केलं होतं. ती अजून त्यांचं नाव निघालं की तोंड वाकडं करते.

माणूस मुळात एसटीतला. रत्नागिरीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेली. गाडी नऊची म्हणजे नऊलाच सुटणार, मग कोणाचं पोर मुतारीत असो की कोणाची म्हातारी रिक्षातून उतरत असो. एकदा खुद्द काकू राजापूरला माहेरी निघाल्या होत्या. केळी घ्यायला खाली उतरल्या आणि भाऊकाकांनी शिट्टी मारली. गाडी गेली, काकूंची पिशवी गेली, काकू केळ्यांसकट फलाटावर. "गाडी काय माझ्या बापाची आहे?" एवढाच खुलासा त्यांनी संध्याकाळी जेवताना केला म्हणे.

असा हा माणूस. त्यामुळे इंग्लंडने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायची तारीख ठरवली आणि तारीख तोंडावर आल्यावर तिथल्या पार्लमेंटात मुदत वाढवून मागायची की नाही यावर रणकंदन सुरू झालं, तेव्हा भाऊकाका कोणत्या बाजूचे याबद्दल आमच्या आळीत कोणालाच शंका नव्हती.

भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरुबनात सकाळी फिरायला जाणारी मंडळी आहेत. त्यात नाना म्हणून एक निवृत्त मास्तर. नाना म्हणाले, "मतं दिली ना? निकाल लागला ना? मग निघायचं. काय हो भाऊ?"

"मुदतवाढ द्यायला पाहिजे," भाऊकाका म्हणाले.

नाना चालायचेच थांबले. "तुम्ही सांगताय हे? माझा मेहुणा हात हलवत धावत होता, तरी तुम्ही लांज्याची गाडी सोडलीत."

"ती गाडी होती. हा देश आहे. आणि एवढं मुहूर्ताचं पडलंय तर प्रस्थान ठेवा म्हणावं."

प्रस्थान म्हणजे आपल्याकडची जुनी सोय. निघायचा मुहूर्त आज आणि गाडी उद्या, अशी पंचाईत झाली की मुहूर्तावर मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड एका फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग खरंच निघताना ते गाठोडं उचलून पुढे जायचं. इंग्लंडनेही तारखेला असं गाठोडं ठेवावं आणि सवडीने सुटावं, अशी भाऊकाकांची योजना.

"ठेवायचं कुणाकडे?" नानांनी विचारलं.

"शेजारी. आयर्लंड आहे की."

"अहो, आयर्लंडवरूनच तर सगळं भांडण आहे."

दुसऱ्या दिवसापासून भाऊकाका उलट्या दिशेने फिरायला लागले, म्हणजे नाना नुसते समोरून येऊन जावेत.

मला हसू येत होतं, पण कारण ठाऊक असल्यामुळे ते फार टिकत नव्हतं. भाऊकाकांचा एकुलता एक मंदार इंग्लंडात. त्याची बायको इनेस पोर्तुगालची. मंदारचं तिथलं राहणं बायकोच्या युरोपच्या पासपोर्टवर, आणि इनेसला सातवा महिना. युरोपशी काहीच न ठरता इंग्लंड बाहेर पडलं तर आपलं काय, हे मंदारला कोणी धड सांगत नव्हतं. फोनवर तो "बघू" म्हणायचा. आणि त्याचं "बघू" ऐकलं की भाऊकाका रक्तदाबाची गोळी घ्यायचे आणि थोड्या वेळाने घेतली की नाही ते काकूंना विचारायचे.

काकूंचं म्हणणं मात्र अगदी उलट होतं. "सुटू दे एकदाचं. इंग्लंड सुटलं की तो बायकोपोराला घेऊन घरी येईल. इथे काय कमी आहे?" त्यांनी हेदवीच्या गणपतीला जाऊन साकडंही घातलं, की इंग्लंड ठरल्या दिवशी सुटू दे, तुला नारळांचं तोरण बांधीन. हे कळल्यावर भाऊकाका दोन दिवस घरात जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः हेदवीला जाऊन आले. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

त्यांनी दुसऱ्या मनगटावरही एक घड्याळ बांधलं. डाव्यावर आपली वेळ, उजव्यावर इंग्लंडची. रोज सकाळी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून आवाज यायचा, "विद्ये, मोबाईलवर बघ गो. सुटतंय की थांबलंय?" मी बघून सांगायची, अजून भांडतायत. त्यांच्या हातातल्या कपातला चहा तसाच निवत असायचा.

ठरलेल्या तारखेला आठवडा उरला. त्या सकाळी गडग्यापलीकडून आवाज आला नाही. भाऊकाका सरळ आमच्या पडवीत येऊन उभे राहिले.

"विद्ये, मंदारचं प्रस्थान दे."

मला क्षणभर कळेना. मग आठवलं. आठेक वर्षांपूर्वी मंदार इंग्लंडला निघाला तेव्हा मुहूर्त आदल्या दिवशीचा होता. काकूंनी त्याच्या जुन्या रुमालात गाठोडं बांधून आमच्या देवाच्या कोनाड्यात ठेवलं होतं. निघायच्या दिवशी स्टेशनला जायची जीप आली, भाऊकाकांनी शिट्टी मारली, आणि त्या घाईत गाठोडं उचलायचं राहून गेलं. काकू पुढे कित्येक दिवस हळहळत होत्या. आमच्या सासूबाईंनी ते तिथेच राहू दिलं, आणि त्यांच्यामागे मीही.

मी गाठोडं काढून दिलं. भाऊकाका बाकावर बसले आणि ते मांडीवर घेतलं.

"राहिलं नव्हतं हे," ते म्हणाले. "माझ्या लक्षात होतं. शिट्टी मारताना माझी नजर तुमच्या दाराकडेच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, प्रस्थान इथे आहे तोवर तो निघालाच नाही. नुसता पुढे गेलाय." त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. "आता वाटतं गो, मीच त्याला धरून ठेवलाय, म्हणून तिथे त्याचा पाय ठरत नाही. ही म्हणते तो घरी येईल. मला काय तो नकोय? पण कोणीतरी हाकलला म्हणून यायला नको. त्याच्या मनाने येऊ दे, नाहीतर नाही आला तरी चालेल. हे आज कुरियरने पाठवतो त्याला. निघू दे पुरता."

कुरियरवाले परदेशी तांदूळ घेणार नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते रुमालाची गाठ पुन्हा घट्ट करत होते, म्हणून मी ते गिळून टाकलं.

तेवढ्यात काकू गडग्यापाशी आल्या, फोन हातात. "मंदारचा फोन होता. वाढवली मुदत. थोडीच आहे, पण वाढवली." आवाजात राग होता की सुटका, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या.

भाऊकाकांनी आधी उजव्या हातावरचं घड्याळ बघितलं, मग डाव्यावरचं, आणि गाठोडं हळूच माझ्यापुढे धरलं.

"ठेव परत," म्हणाले. "थोडे दिवस. शेवटची मुदत हां."

इंग्लंडने त्यानंतर आणखी दोनदा मुदत मागितली आणि मग एकदाचं सुटलं. मंदारला तिथे राहायचे कागद मिळाले. त्यांना मुलगी झाली, ती फोनवर भाऊकाकांना इंग्रजीत हाका मारते. काकूंनी तोरण बांधलं नाही, पण नारळ वाढवून आल्या. भाऊकाकांचं उजव्या हातावरचं घड्याळ मात्र उतरलेलं नाही.

आणि गाठोडं आमच्या कोनाड्यात आहे. दर दिवाळीला भाऊकाका येतात, रुमाल सोडतात, किडलेले तांदूळ काढून नवे भरतात आणि पहिल्यासारखीच गाठ मारतात. यंदा मी न विचारताच त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"सुटेल गो गाडी. अजून फलाटाला लागलीय फक्त."