डबा क्रमांक १११६२१

सन बासष्टच्या जानेवारीत मी घरातल्या डब्यांना नंबर द्यायचं ठरवलं. इतकंच. कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

मी डोणगावचा, कचेरीत आवक-जावक कारकून. येणाऱ्या कागदावर तारीख, महिना, साल आणि त्या दिवसाचा अनुक्रमांक असा एक सलग नंबर टाकायची पद्धत मी काढली होती. मधल्या रेघा गाळल्या, शाई वाचते म्हणून. (साहेबांनी ऐकताना तोंड उघडलं होतं. ती जांभई होती, असं शिपायाचं म्हणणं.) मग घर तरी का सोडा? डबा ज्या दिवशी भरला त्या दिवसाचा नंबर वर, आत काय आहे ते रजिस्टरात.

"अवो, डब्यावर सरळ 'चहा' लिहा ना," बायको, मनकर्णा, म्हणाली.

"त्याले सिस्टिम नाही म्हनत."

डिसेंबरात खामगावचे भगवंतराव आपल्या मुलाला, सहदेवला, घेऊन माझ्या बहिणीला पाहायला आले. आशाची आधीची दोन स्थळं फिसकटलेली. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. मनकर्णा तिला पातळ नेसवत होती.

"तू तिचं पाह्य. चहा मी टाकतो," मी म्हणालो.

सर्दीनं नाक चोंदलेलं. रजिस्टर उघडलं : चहा, १११६२१. फळीवर तोच नंबर सापडला. दूध-पाण्यात चार चमचे तपकिरी भुकटी टाकली. उकळी आली तसा फेस चढू लागला, चढतच गेला. (मला वाटलं, म्हैस चांगली आहे.)

आशानं कपबश्या नेऊन दिल्या. भगवंतरावांनी एक घोट घेतला. मिशीवर दोन बुडबुडे बसले.

"पाव्हणे, हा चहा कोन्ता म्हनायचा?"

"एक लाख अकरा हजार सहाशे एकवीस," मी अभिमानानं सांगितलं.

मनकर्णानं बाहेर येऊन माझी बशी नाकाशी नेली. "अवो, हे तं शिकेकाई हाय!"

मी रजिस्टर चाळलं. अकरा जानेवारीचा पहिला डबा शिकेकाईचा : ११-१-६२-१. एक नोव्हेंबरचा पहिला डबा चहाचा : १-११-६२-१. रेघा काढा. दोन्ही १११६२१!

आशाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. भगवंतरावांचं लक्ष मुलाच्या कपाकडे गेलं. कप रिकामा.

"अबे, तू पेला?"

"हाव." सहदेव कानापर्यंत लाल झाला. "त्याइनं देल्ला ना."

भगवंतराव इतके हसले की टोपी मांडीवर पडली. "पसंत हाय! शिकेकाई पेऊन गप बसला, म्हंजे पोरगी लयच आवडली! आन पोरी, तुह्यं काय?"

"त्याइले अगुदर पानी देऊ द्या," आशा पदराआड हसत म्हणाली आणि आत पळाली.

बोलणी तिथंच झाली. कामंही वाटली गेली. मांडव त्यांच्या पुतण्याकडे, आचारी मनकर्णाच्या भावाकडे, बँड खुद्द भगवंतरावांकडे. मी पुढे सरसावलो.

"आन माह्याकडं?"

भगवंतरावांनी बराच वेळ विचार केला.

"तुमी ना," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लग्नाले या. जेवायच्या टायमाले."