रेगेकाकांची दारं

रेगेकाकांच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला स्वतःचा वेब अ‍ॅड्रेस होता. आम्ही अमेरिकेत चँडलरला राहायला आलो त्याच आठवड्यात काकांनी तो मला चिठ्ठीवर लिहून दिला. घरी येऊन उघडतो तर खरंच झाडाचा फोटो, आणि खाली सूचना: 'लिंबं तयार आहेत. येताना पिशवी आणावी.' मी चाटच पडलो. पुढे कळलं की तसा पत्ता काकांना स्वतःलाही होता, त्यांच्या कुकरलाही होता, जुन्या गाडीलाही होता आणि मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या पोरांना होता.

काका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून रिटायर झालेले, अमेरिकेत आमच्या जन्माच्याही आधीपासून. मूलबाळ नाही. आडनावाचं एक डोमेन विकत घेतलं आणि वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंगच्या खात्यात जाऊन त्याला सबडोमेन जोडत बसायचा नाद लागला. भेटेल त्याला समजावत, "हे बघ, डोमेन म्हणजे घर. सबडोमेन म्हणजे त्याच घराला काढलेलं वेगळं दार. पाटीवर आधी तुझं नाव, मग माझं. पत्ता पाहिजे रे माणसाला." यावर सुधाकाकू आतून म्हणत, "तिकडे दारं काढतायत. इथे गॅरेजचं दार महिनाभर अडकलंय."

आम्हाला मुलगी झाली. बारशाला माझी बहीण वैशाली फ्रिस्कोहून विमानाने येणार होती. आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फुटू द्यायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. वैशालीने तर हा मान माझ्या लग्नाच्या आधीपासून राखून ठेवला होता. नाव फक्त आम्हा नवराबायकोला आणि तिला ठाऊक होतं.

बारशाच्या दोन-तीन दिवस आधी काका आले आणि दारातच कुजबुजले, "नाव सांग."

"काका, ते बारशाला."

"अरे, नवा पत्ता सगळीकडे पोचायला वेळ लागतो. भर बारशात उघडला नाही तर पोरीचं हसं होईल. मी टाइप करणार आणि विसरणार."

"सांगून टाक रे," मुग्धा, माझी बायको, म्हणाली. "काका कुणाला सांगणारेत?" मी सांगितलं.

बारशाच्या सकाळी वैशाली बॅग टाकून तशीच सोफ्यावर बसली. "दादा, मला घ्यायला मंडळातल्या काकू आल्या होत्या ना, त्यांनी विचारलं, रेवाची आत्या का तू?"

मी लगेच चार फोन केले. सगळ्यांना माहीत होतं. काकांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, पण नवं सबडोमेन जोडलं की ते डोमेनच्या पहिल्या पानावर 'नवीन दार' म्हणून आपोआप झळकेल, अशी सोय त्यांनीच मागे करून ठेवली होती आणि स्वतःच साफ विसरले होते. लिंबं तयार आहेत का बघायला सगळं मंडळ त्याच पानावरून आत शिरायचं.

वैशाली पाळण्यावर वाकली आणि तिचं सांगून व्हायच्या आत मागच्या बायका 'रेवा' म्हणून मोकळ्या झाल्या. वैशालीला रडू आवरेना. मुग्धा मला बाजूला घेऊन म्हणाली, "या माणसाला पुन्हा घरी बोलवायचं नाही. सांगून ठेवते."

नाव फुटल्याचं कळल्यावर काका आलेच नव्हते. सुधाकाकू एकट्याच आल्या होत्या. मी तणतणत कॉम्प्युटर उघडला. काकांच्या स्वतःच्या पानावर अभिप्रायाची जागा होती, तिथे त्यांना चांगलं सुनवायचं होतं. पण ते पान उघडेचना.

"ते काढलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "खात्यात जेवढी दारं मिळतात तेवढी भरली होती. एक काढल्याशिवाय तुमच्या रेवाचं बसेना. काढता काढता आतलंही सगळं पुसलं गेलं. त्यांच्या आईचे फोटो, इथे आलो तेव्हाच्या आठवणी लिहिल्या होत्या त्या. दुसरीकडे कुठे ठेवलंच नव्हतं."

"अहो, मग दुसरं कुठलं तरी काढायचं."

"मी म्हटलं ना, कुकरचं काढा. तर म्हणाले, कुकरच्या पानावर लोक रेसिपी बघायला येतात. माझ्या पानावर कोण येतं?"

त्या पानावर मीसुद्धा आज पहिल्यांदाच जात होतो, तेही भांडायला. मुग्धा मागे उभी राहून ऐकत होती. तिने रेवाला दुपट्यात गुंडाळलं, वैशालीला हाताला धरून उठवलं आणि आम्ही भर उन्हात काकांकडे गेलो.

काका स्वयंपाकघरात एकटे बसले होते. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले. मुग्धाने रेवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिचं दुपटं नीट केलं. मग वैशालीकडे वळून त्यांनी विचारलं, "आत्याबाई, नाव काय ठेवलंत?"

वैशालीने वाकून त्यांच्या कानात सांगितलं.

"सुरेख आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पहिल्यांदाच ऐकतोय."