नटवी

११ मार्च २०११ रोजी दुपारी जमीन हलली. त्यानंतर समुद्र आत आला. सेंदाईकडून टोकियोकडे येणाऱ्या समुद्राकाठच्या मार्गावर एक गाडी एका स्टेशनात उभी होती. ती पुढे गेली नाही. त्या गाडीत शैलाताई सबनीस होत्या, त्या खेपेला एकट्याच.

शैलाताई चार-पाच दिवसांनी टोकियोजवळच्या त्सुकुबाला, आमच्या गावी, परत आल्या, कुणाकुणाच्या मोटारींतून, अंगावर दुसऱ्याची घोंगडी घेऊन. आम्ही शेजारी दारात जमलो होतो. सबनीस पुढे झाले, बायकोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गाडीचं काय झालं?"

हा किस्सा त्सुकुबातल्या मराठी घरांमधून अजून सांगितला जातो. "बायको जिवंत परत आली आणि हा माणूस गाडीची चौकशी करतोय!" शैलाताई मात्र हसत सुटल्या होत्या. म्हणाल्या, "ती आहे तिथेच आहे हो. एकटीच."

सबनीस वाऱ्याचे शास्त्रज्ञ. एका संशोधन संस्थेत वाऱ्याचा बोगदा आहे, त्यात वस्तू ठेवायची, वारा सोडायचा आणि तो तिला कसा वळसा घालतो ते पाहायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे : "हवेला विचारा!" उपमा पातळ झालाय का? हवेला विचारा. मुलीनं अमेरिकेत घर घ्यावं का? हवेला विचारा. मी इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून मला ते 'ग्रंथपाल' म्हणत, आणि माझ्याकडून रेल्वेच्या इतिहासाची जुनी पुस्तकं मागवून घेत, चुका काढण्यासाठी.

त्यांचा राग होता तो त्या गाडीच्या नाकावर. पांढरीशुभ्र गाडी, पुढून निमुळती, गुळगुळीत, जणू आत्ताच साबणानं तोंड धुऊन आलेली. टोकियोहून सेंदाईपर्यंत ती समुद्राच्या कडेकडेनं जायची.

"या वेगाला या नाकाची गरज नाही," सबनीस म्हणत. "गणितानं दाखवतो. निव्वळ नटवेपणा! आणि हे आजचं नाही, ग्रंथपाल. महायुद्धाच्या आधी जगभर हे वेड आलं. इथे तर वाफेच्या इंजिनांवर पत्र्याचे झगे चढवले. इंजिन धावतंय बैलगाडीच्या चालीनं आणि वर झगा विमानाचा! मग युद्ध आलं. दुरुस्तीवाले वैतागले, एक नट पिळायचा तर आधी झगा उचला. काढून फेकले सगळे. युद्धानंतर याच मार्गानं उत्तरेला लांबची एक्स्प्रेस सुरू झाली. आधी वाफ, मग डिझेल, मग वीज. आणि शेवटी ही नटवी. पुन्हा नाक!"

"पण तुम्ही नेहमी तिनंच जाता," मी म्हणे.

"बुलेट ट्रेन जोरात जाते, तिचं नाक कामाचं आहे. कामाच्या माणसाकडे काय बघायचं?"

खरं म्हणजे ती गाडी आवडायची शैलाताईंना. दर वसंतात दोघं तिनं सेंदाईला जात. घरातून निघताना त्या रेशमी साडी नेसत, पावडर लावत, कानात मोत्याच्या कुड्या घालत आणि दारात उभ्या राहून विचारत, "अहो, कशी दिसते?"

"हवेला विचार," सबनीस पिशवी उचलत म्हणत. "आणि या वेगाला एवढ्या साडीची गरज नाही."

"बघ ग," त्या माझ्याकडे वळून म्हणत, "एवढी वर्षं विचारतेय. एकदा 'छान' म्हणाले तर काय यांचा बोगदा कोसळणार आहे?" आणि तशाच नटून स्टेशनकडे चालू लागत.

भूकंपानंतर गाडीच्या दोन्ही बाजूंचा मार्ग तुटला. दक्षिणेला अणुभट्टीजवळचा भाग बंद झाला, उत्तरेला समुद्रानं रूळ नेले. गाडी मधल्या स्टेशनात अडकली. दोन वर्षांनी शैलाताई आजारी पडल्या आणि त्याच हिवाळ्यात गेल्या. इस्पितळातही त्या विचारायच्या, "तिला आणलं का हो?"

त्यानंतर सबनीस दर महिन्याला त्या स्टेशनात जाऊ लागले. सरळ वर जायचा रस्ता बंद. मग टोकियोला उलटं जायचं, तिथून बुलेट ट्रेननं सेंदाई, तिथून रेल्वेऐवजी लावलेली बस, आणि शेवटी दोन्हीकडून तुटलेल्या तुकड्यावर धावणारी छोटी लोकल. घरापासून जी जागा सरळ रेषेत, तिथे पोचायला देशाला वळसा.

"निरीक्षण करतो," ते सांगत. "गंज कुठून सुरू होतो ते बघायचंय."

एकदा मी बरोबर गेले. ते फलाटावरच्या बाकावर बसले, डबा उघडला, समोरच्या रुळावरच्या गाडीकडे बघत पोळीभाजी खाल्ली. गंजाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. स्टेशनमास्तर मात्र त्यांना ओळखत होते. "सबुनिसु-सान, आज थंडी आहे," म्हणत त्यांनी गरम चहाची बाटली आणून दिली.

पाच वर्षं झाली आणि बातमी आली, की गाडी आता ट्रेलरवर चढवून रस्त्यानं नेणार, मोडीत काढायला. त्या संध्याकाळी सबनीस माझ्या दारात उभे राहिले.

"ग्रंथपाल, ओटी कशी भरतात?"

"कुणाची?"

"तिची. एवढी वर्षं त्या गावात राहिली. रिकामी कशी पाठवायची?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सत्यनारायणाच्या प्रसादातही दाण्यांभोवतीची हवा मोजणारा हा माणूस. म्हटलं, "सबनीस, ओटी सवाष्णीनं भरायची असते. तुम्ही विधुर, माझे यजमान तर कधीच गेलेले. आपण दोघंही नालायक."

"मग आता सवाष्ण कुठून आणू? कोनबिनीत मिळते का?"

नाक्यावरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात सवाष्ण नव्हती, नारळही नव्हता. शेवटी नारळाच्या दुधाचा डबा घेतला. तांदूळ इथलेच, आखूड आणि चिकट. हळकुंडाऐवजी मसाल्याच्या डब्यातली हळद, कागदाच्या पुडीत. खण मात्र सबनीसांनी आणला. हिरवा, लाल काठाचा, शैलाताईंनी पुण्याहून आणून कपाटात ठेवलेला, कधीच न शिवलेला.

गाडी न्यायच्या दिवशी आम्ही स्टेशनबाहेरच्या कुंपणाशी उभे होतो. आजूबाजूला कॅमेरे घेतलेली माणसं. पहिला डबा नाकासकट ट्रेलरवर चढवून फाटकाशी थांबवला होता. सबनीस ताट घेऊन थेट हेल्मेटवाल्या कामगारापुढे गेले आणि मोडक्या जपानीत समजावू लागले. मुलगी. घर सोडून चाललीय. तांदूळ. कामगारानं नारळाच्या दुधाचा डबा वाचला, मग खण पाहिला, मग आपल्या वरिष्ठाला बोलावलं. दोघं बाजूला जाऊन बोलले.

"गाडीवर काही ठेवता येणार नाही," वरिष्ठ अदबीनं म्हणाले. "पण दाखवता येईल."

त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं, दोन्ही हातांनी ताट घेतलं, त्या पांढऱ्या नाकासमोर उंच धरलं आणि वाकले. कामगारही वाकला. मग ताट तसंच दोन्ही हातांनी परत आणून दिलं. तांदळाचा एक दाणाही सांडला नव्हता.

ट्रेलर हलला. माणूस चालेल त्या वेगानं. पुढे एक जण लाल दांडा घेऊन चालत होता. सबनीस कुंपणाच्या या बाजूनं तिच्याबरोबर चालू लागले, मी त्यांच्या मागे.

"बघा," ते म्हणाले, "या वेगाला तर या नाकाची अजिबातच गरज नाही."

कुंपण संपलं. ते थांबले. गाडी वळणावर गेली, ऊन तिच्या अंगावरून सरकलं.

"छान दिसते," सबनीस म्हणाले. "शैला, छान दिसतेस."

मी दुसरीकडे बघत राहिले. परतीच्या बसमध्ये ताटातला खण त्यांनी गुडघ्यावर घडी घालून ठेवला होता, आणि बस वळली की त्यावर हात ठेवत होते.

घरी येऊन मी त्याच तांदळाचा, डब्यातल्या नारळाच्या दुधात नारळीभात केला. त्याचा गोळा झाला. सबनीसांनी दोनदा वाढून घेतला. "कसा झालाय?" मी विचारलं. हवेला विचारा म्हणतील, असं वाटलं होतं.

"छान," ते म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी मार्ग पुन्हा जोडला गेला. थेट गाडी सुरू झाल्यावर सबनीस तिनं एकदा सेंदाईला जाऊन आले, समुद्राकडच्या खिडकीत बसून. गेल्या वर्षी तेही गेले. मुलगी अमेरिकेहून आली, तिनं घर आवरलं.

आता टोकियोहून सेंदाईला थेट गाडी जाते. त्या स्टेशनात, ती उभी असायची तो रूळ रिकामा आहे. हिरवा खण माझ्याकडे आहे.